बिघाड नसलेलं घड्याळ

2024 चा पावसाळा. साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या आमच्या दुरुस्तीच्या दुकानात एक निवृत्त सुभेदार आले. हातात अ‍ॅपल वॉच, सिरीज 9, मुलीनं अमेरिकेतून पाठवलेलं. तक्रार एकच, ऑक्सिजन दाखवत नाही. खरं दुखणं वेगळं होतं. मेव्हण्यानं तेच घड्याळ पुण्यात घेतलेलं, आणि सकाळी अजिंक्यतारा चढून झाला की तो सगळ्यांसमोर मनगट पुढं करून "सत्त्याण्णव!" म्हणायचा.

"सेन्सर गेलाय, बदलून टाक," आल्या आल्या सुभेदारांनी निदानही केलं.

घड्याळ उलटं धरलं. नाडी मोजताना मागचे हिरवे दिवे व्यवस्थित लुकलुकत होते. ऑक्सिजनसाठी लाल दिवा लागतो, तो काही पेटेना. अ‍ॅपवर बोट ठेवलं तर हे अ‍ॅप उपलब्ध नाही असा निरोप. सेन्सर खराब असता तर मोजायला जाऊन फसलं असतं, असं सरळ हात वर केले नसते. घड्याळ उघडायचा मोह आवरला (एकदा उघडलं की पाणी आत शिरणार नाही याची हमी कोण देणार, त्यात साताऱ्याचा पाऊस) आणि सेटिंगमधून पार्ट नंबर काढला. शेवटी ‘एलडब्ल्यू/ए’, म्हणजे अमेरिकेत विकलेलं, ऑक्सिजनची सोय बंद केलेलं घड्याळ. तिथंच उलगडा झाला.

कॅलिफोर्नियातली मासिमो ही कंपनी रुग्णालयांसाठी ऑक्सिजन मोजायची यंत्रं बनवते. आपली पेटंटं अ‍ॅपलनं वापरली, असा तिचा दावा. ती नुसती कोर्टात भरपाई मागत बसली नाही, अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडेही गेली. हा आयोग पैसे मिळवून देत नाही, माल देशात येण्यापासून अडवतो. माझ्या मते खरी मेख इथंच आहे. एवढ्या मोठ्या कंपनीला भरपाई झेपते. पण घड्याळं बनतात बाहेर, तीच बंदरावर अडली तर विकणार काय? ऑक्टोबर 2023 मध्ये आयोगानं आदेश दिला आणि ऐन नाताळात अ‍ॅपलला अमेरिकेत विक्री थांबवावी लागली. अपिलात मिळालेली तात्पुरती स्थगिती जानेवारीत उठली. मग 18 जानेवारी 2024 पासून अमेरिकेत विकायच्या घड्याळांत ही सोय सॉफ्टवेअरनंच बंद केली. मेव्हण्याचं घड्याळ भारतात घेतलेलं, त्याला हे लागूच नाही.

सुभेदारांनी सगळं शांतपणे ऐकलं. "म्हणजे आत सामान आहे, पण हुकूम नाही?"

"अगदी तसंच, काका."

पैसे अर्थातच घेतले नाहीत.

ऑगस्ट 2025 मध्ये अ‍ॅपलनं वळसा काढला: घड्याळ फक्त माप घेणार, हिशेब फोन करणार आणि आकडाही फोनवरच दिसणार. अपडेट टाकायला सुभेदार आले, पण आकडा मनगटावर येत नाही म्हणून नाखूशच. नोव्हेंबरात कॅलिफोर्नियातल्या ज्युरीनं दुसऱ्या एका पेटंटवरून मासिमोला 63.4 कोटी डॉलर मंजूर केले. अपिलात जाणार, असं अ‍ॅपलनं तेव्हा सांगितलं. अमेरिकेतून आलेलं घड्याळ काउंटरवर आलं की हल्ली मी आधी पार्ट नंबर बघतो, मग तक्रार ऐकतो.