हातांचं काय करायचं?

न्यू जर्सीत ऑक्टोबर लागला की आमच्या ओळखीतल्या घरांत एक वेगळीच लगबग सुरू होते. बारावीतल्या लेकराचे सीनियर पोर्ट्रेट काढायचे असतात. शाळेने ठरवलेला स्टुडिओ इयरबुकसाठी, म्हणजे शाळेच्या त्या वर्षीच्या फोटोंच्या पुस्तकासाठी, एक फोटो काढतोच. मुलींच्या खांद्यांवर काळं कापड, मुलांना टक्सिडो, मागे करडा पडदा. सगळी पोरं एकसारखी. पण घरच्यांचा जीव असतो तो बाहेर काढलेल्या फोटोंत. झाडाखाली, कालव्याकाठी, मुलाला आवडतील त्या कपड्यांत. जूनमधल्या ग्रॅज्युएशन पार्टीच्या कार्डावर त्यातलाच एक छापायचा असतो.

व्यावसायिक फोटोग्राफर या हौसेचे काही शे डॉलर सहज घेतात. मग मराठी माणूस काय करतो? मंडळाच्या गणपतीत आरतीचे फोटो कोण काढत होतं, ते आठवतो. तशी मी यात ओढली गेले. आरतीतली माणसं गणपतीकडे बघत असतात, माझ्याकडे नाही, म्हणून तर ती छान येतात. इथे सहा फुटी मुलगा एकटाच समोर उभा, आणि त्याचा पहिला प्रश्न, "मावशी, हँड्सचं काय करू?"

प्रकाशाचं त्यामानाने बरं असतं, तो शिकता येतो. भर दुपारी डोळ्यांखाली खड्डे पडतात, हे कुणीही सांगेल. झाडाखालीही कुठेही उभं करून चालत नाही. पानांतून आलेला एक कवडसा नाकावर आणि दुसरा कानावर पडला, की तो फोटो कुठल्याही सॉफ्टवेअरने सुधारत नाही. सलग सावली शोधायची, तिच्या अगदी कडेला मुलाला उभं करायचं आणि तोंड मोकळ्या आकाशाकडे. बुबुळात आकाशाचा पांढरा ठिपका उमटला की चेहरा जागा होतो. लेन्सचं म्हणाल तर ५० मिलिमीटरची साधी, स्वस्त लेन्स पुष्कळ झाली. तिचं अ‍ॅपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं भोक, १.८ पर्यंत उघडतं (आकडा लहान तितकं भोक मोठं) म्हणून उघडायचंच असं नाही. जवळून काढताना एक डोळा स्पष्ट आणि दुसरा धूसर येतो. २.८ किंवा ४ वर दोन्ही डोळे सुखाने नांदतात.

आपल्या सावळ्या पोरांसाठी मात्र दोन गोष्टी वेगळ्याने शिकाव्या लागल्या. हिरवळीत बसवलं की गवताचा हिरवा रंग हनुवटीखाली चढतो आणि पोरगं आजारी दिसतं. त्यापेक्षा पायाखाली दगडी वाट बरी. दुसरं, पाठीमागे उजेड असला की कॅमेरा दिपतो आणि चेहरा काळवंडून टाकतो. तेव्हा एक्स्पोजर, म्हणजे फोटोत येणारा उजेड, आपण हाताने वाढवायचं, चेहरा आहे त्या रंगाचा दिसेपर्यंत. तिथे थांबायचं. "अजून जरा उजळ कर ना," असं मागून कुणीतरी म्हणतंच. त्या बाबतीत मला ऐकू येत नाही. रंगीत फिल्मच्या जमान्यात कोडॅकच्या 'शर्ली कार्डा'वर एका गोऱ्या बाईचा फोटो असायचा आणि लॅबवाले तिच्या कातडीवर बेतून सगळ्यांचे रंग जुळवत. तो जमाना संपला. आता आपणच ती बाई मध्ये कशाला आणायची?

पण हात. १८६० च्या सुमारास जॉर्ज के. वॉरन नावाचा मॅसॅच्युसेट्सचा फोटोग्राफर हार्वर्ड, येलसारख्या कॉलेजांत जाऊन शेवटच्या वर्षाच्या पोरांचे फोटो काढायचा. काचेच्या निगेटिव्हवरून हव्या तितक्या प्रती निघत. पोरं त्या एकमेकांना द्यायची आणि त्यांचा अल्बम बांधून घ्यायची. इयरबुकचं मूळ तिथे सांगतात. त्यातले बरेचसे फोटो छातीपर्यंतचेच, लंबगोल चौकटीतले. हुशार माणूस! हातांची भानगडच ठेवली नाही.

आपल्याकडे तर फोटोत हात म्हणजे दोन्ही बाजूंना सरळ सोडायची वस्तू. मागे उभी असलेली आईही तेच बजावत असते, "नीट उभा राहा, खांदे मागे, हात खाली." मुलाचा चेहरा तत्क्षणी पासपोर्टचा होतो. म्हणून आता मी आईला आधी गाडीत विसरलेलं पाणी आणायला पाठवते. मग मुलाला सांगते, सगळं वजन मागच्या पायावर टाक. बोटं खिशात, अंगठा बाहेर. पंजाची पाठ कॅमेऱ्याला दाखवू नकोस, कड दाखव. म्हणजे पंजा फावड्यासारखा रुंद दिसत नाही. 'रिलॅक्स' हा शब्द चुकूनही उच्चारायचा नाही, तो ऐकून आजवर कुणी सैल झालेलं नाही. त्यापेक्षा हातांना काम द्यावं. बाही दुमड, बुटाची नाडी बांध. व्हायोलिन वाजवणाऱ्या एका मुलीच्या डाव्या हाताच्या बोटांना तारांचे घट्टे होते आणि नखांवर टवके उडालेलं काळं नेलपॉलिश. आईला ते पुसून हवं होतं. मी वाद्य गळ्याशी धरायला लावलं आणि ती बोटं मुद्दाम जवळून घेतली. तबला शिकणारा एक जण बाकावर बसून मांडीवर तीनतालाचा ठेका धरायला लागला, तेव्हा मला काही बोलावंच लागलं नाही.

ऑक्टोबरच्या मध्यात इथे सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो, त्याआधीचा तास सोन्याचा. आमची आवडती जागा म्हणजे डेलावेअर-रॅरिटन कालव्याची वाट. १८३४ साली कालवा सुरू झाला तेव्हा बोटी ओढणारी खेचरं या वाटेने चालत. आता सायकली आणि आम्ही. फक्त एक सांभाळायचं. शरदात झाडांवर चढलेली एक लालभडक वेल दिसते, पोरं हटकून तिलाच टेकायला जातात. पानं तीन-तीनच्या झुबक्यात असली तर ती पॉयझन आयव्ही. फोटो झकास येईल, पण पुढे कितीतरी दिवस हातांचं काय करायचं हा प्रश्न पडणार नाही, खाजवायचं.

फोटो पाठवले की घरोघरी तोच वाद. आईला आवडतो थेट कॅमेऱ्याकडे बघून दात दाखवलेला. मुलाला हवा असतो कुठेतरी लांब बघत असलेला, ज्यात निम्म्या चेहऱ्यावर केस आलेत. बाबा म्हणतात, "दोन्ही छापा की, त्यात काय!" शेवटी कार्डावर आईचा फोटो जातो आणि मुलाचा इन्स्टाग्रामवर. मला पुरणपोळ्या मिळतात, आणि पुढच्या रविवारसाठी त्या आईच्या मैत्रिणीच्या मुलीचा नंबर.