गो कुठे गेला

मंगळवार, रात्री साडेअकरा

मनूच्या वहीत आज मी लाल फुली मारली. 'आय गोएड टू पर्वती विथ आजी' असं लिहिलं होतं तिनं. 'वेंट' सांगितल्यावर म्हणाली, "मावशी, वेंटमध्ये गो कुठंय?" मी म्हटलं, "असंच असतं. पाठ कर." गप्प झाली पोर. दहादा वेंट लिहिलं आणि पाऊस थांबायच्या आत निघून गेली.

असंच असतं! तेवीस वर्षं शिकवण्या घेतेय, किती मुलांना हे ऐकवलं असेन? मलाही तेवढंच मिळालं होतं म्हणा. गो, वेंट, गॉन, पाढ्यासारखं. कुणी कधी बसून सांगितलं नाही. फार एकटं वाटलं त्या विचारानं.

जेवल्यावर अप्पा बळवंत चौकातून आणलेला जाडा कोश काढला. वेंट मुळात गोचं नाहीच! ते 'वेंड' या निराळ्या क्रियापदाचं. वेंड म्हणजे वळणं, मग वाट धरणं. सेंडचं सेंट, बेंडचं बेंट, तसं वेंडचं वेंट. जुन्या इंग्रजीत गोचा भूतकाळ 'एओदे' असा भलताच होता. तो मागे पडला आणि १५००च्या सुमारास वेंट त्या जागी रुळलं. वेंडला मग आपल्यासाठी 'वेंडेड' करून घ्यावं लागलं. स्कॉटलंडकडे मात्र लोकांनी सरळ गोलाच प्रत्यय लावला, 'गेड'. मनूनं केलं तेच.

कोश मिटताना आपलं 'जाणे' आठवलं. जातो, जाईल, पण गेला. 'गेला'त 'जा' कुठंय? जा आला संस्कृतातल्या 'या' धातूवरून, गेला आला 'गम्'च्या 'गत'वरून. जन्मभर बोलतेय, कधी अडलं नाही.

आईला 'जाते' म्हटलेलं चालायचं नाही. उंबऱ्यावरून परत बोलवायची, "येते म्हण." आणि त्या पहाटे फोनवर एकेकाला सांगताना मी 'गेली' हाच शब्द... असो.

'पाठ कर' म्हणायला नको होतं. प्रश्न चांगला होता, मला इतक्या वर्षांत न सुचलेला. पण आज तरी तो कुणी विचारला, हेही खरं.

वही इथंच विसरलीय ती. फुली काही पुसता येत नाही. तिच्या शेजारी पेन्सिलीनं 'गेड, स्कॉटलंड' लिहून ठेवलंय. गुरुवारी येईल तेव्हा आधी हेच.