बुटकं कॅरियर

गाडीच्या टपावरचं कॅरियर किती उंच असावं हे सामानावरून ठरत नाही, घरातल्यांच्या भिडेवरून ठरतं. कठडा जेवढा उंच, तेवढं "एवढं एक पोतं टाका की वर" म्हणणारं माणूस निर्धास्त. जुन्या एसटीच्या टपावर अख्खा गाव चढायचा. मागची लोखंडी शिडी, डोक्यावर ट्रंक सावरत वर जाणारा हमाल, आंब्याच्या पेट्या, वळकट्या, सायकल. एसटीला कुणाला नाही म्हणता येत नसे, म्हणून तिचा कठडा तसा. माझ्या ओम्नीला नाही म्हणता यावं अशी माझी इच्छा होती.

रोपांचे ट्रे ओम्नीच्या पोटात छान मावतात. मावत नाहीत ते बांबू, शेडनेटचा गुंडाळा आणि शिडी. लांब पण हलके जिन्नस. त्यांना टपापासून दोन-तीन बोटं वर असलेली एक चौकट पुरते. बाजारात तयार मिळतात ती कॅरियर्स मात्र पाळण्यासारखी, चारी बाजूंनी उंच. म्हणून कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका फॅब्रिकेशनच्या शेडपुढे गाडी लावली.

मिस्त्रींनी टपाला टेप लावला आणि माझ्याकडे बघितलं. "वहिनी, एवढ्या बुटक्यात काय बसणार? सहा इंच तरी कठडा घेऊया की."

"नको."

"पाइप काय लई जास्त लागत नाही."

पाइप लागते हो. एक इंची चौकोनी, अठरा गेज जाडीची पाइप मीटरला जवळपास ९०० ग्रॅम भरते. कठड्याचा एक वेढा वाढवला की सात-आठ किलो कायमचे डोक्यावर, रिकाम्या गाडीतसुद्धा. आणि ओम्नीचं इंजिन ७९६ सीसीचं, तेही पुढच्या सीटखाली दडपलेलं. गाडी आधीच अरुंद आणि उंच. गगनबावड्याच्या घाटात एखादा ट्रक जवळून गेला तरी ती अंग चोरते. तिच्या टपावर ओझ्याचा मनोरा रचणं मला तरी क्रूरपणाचं वाटतं.

या गाडीची एक गोष्ट मात्र आताच्या बहुतेक गाड्यांत नाही: पन्हळ. १९८४ मध्ये मारुती व्हॅन म्हणून आली तेव्हापासून २०१९ मध्ये बंद होईपर्यंत टपाच्या कडेची ही पन्हळ टिकली. टपाचा पत्रा आणि बाजूचा पत्रा जिथे एकमेकांना स्पॉट वेल्डिंगने जोडलेले असतात तिथेच ती असते, म्हणून टपाची ती सगळ्यात मजबूत जागा. मधला पत्रा मिलिमीटरभरही जाड नसतो. तळहाताने दाबला की टण्णकन आत जातो. तेव्हा कॅरियरचे पाय पन्हळीत, तेही दरवाजांमधल्या खांबांच्या वर. क्लॅम्पखाली जुन्या ट्यूबचं रबर, नाहीतर रंग खरवडला जाऊन पहिल्याच पावसाळ्यात गंज सुरू.

बुटकं करणं सोपं असेल असं वाटतं, पण खरी मेहनत तिथेच. उंच कॅरियरला टपाच्या आकाराशी देणंघेणं नसतं. बसक्याला टपाचा बाक ओळखावा लागतो, कारण टप मध्ये फुगीर असतो. सरळ दांडी खाली आणली की ती मधोमध टेकते. मिस्त्रींनी पुठ्ठा टपावर आडवा धरून त्यावर पेन्सिलीने बाक उतरवला आणि आडव्या दांड्या त्या मापाने वाकवल्या. मग आधी सगळीकडे नुसते टाके मारले, काटकोनाचा गुन्या लावून कोपरे तपासले, आणि पक्कं वेल्डिंग एका कोपऱ्यानंतर तिरक्या समोरच्या कोपऱ्याला. सलग केलं की गरमीने चौकट ओढली जाते आणि एक पाय हवेत राहतो. पाइपांची तोंडं बंद केली, खालच्या अंगाला बारीक भोकं ठेवली, आत ओल कोंडू नये म्हणून. वर गंजू नये म्हणून रेड ऑक्साइडचा हात. कठड्याचा विषय ते विसरले होते. बाकाचं कौतुक करण्यात आम्ही दोघेही रमलो होतो.

पुढची दांडी मात्र गोल पाइपची घेतली, आणि हायवेला ती गाऊ लागली. यात भुताटकी काही नाही. गोल दांडीवरून वारा जाताना मागे भोवरे सुटतात, एकदा वरून एकदा खालून. ताशी ८० च्या वेगाला इंची दांडीमागे ते सेकंदाला पावणेदोनशेच्या आसपास सुटतात, म्हणजे चांगला खर्जातला सूर. दांडीला नायलॉनची दोरी तिरके वेढे देत गुंडाळली की भोवऱ्यांची लय मोडते. उंच पोलादी धुराड्यांच्या वरच्या टोकाला जी नागमोडी पट्टी दिसते ती याचसाठी. वाऱ्याचा विरोध मात्र दोरीने कमी होत नाही. वेग ४० वरून ८० केला की तो चौपट.

बसकं कॅरियर ही काही परदेशी जंगलगाड्यांची फॅशन नव्हे. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सीच्या टपावर काय होतं? बारीक सळ्यांचं, टपाला धरून बसलेलं कॅरियर. वर दोन-तीन बॅगा, एक दोरी, आणि डागाचे वेगळे पैसे. टॅक्सीवाल्याला भीड नव्हती, त्यामुळे कठड्याचीही गरज नव्हती. ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून कायमची गेली, तेव्हा लोक गाडीसाठी हळहळले. मला त्या कॅरियरची मापं घ्यायची राहून गेली याची रुखरुख आहे.

आमच्या कॅरियरचे नट पान्याने सुटतात, काम नसलं की ते काढून भिंतीला टेकवते. गाडीचं रिकामं वजनसुद्धा आरसी बुकात लिहिलेलं असतं आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदीपेक्षा वेगळी गाडी करू देत नाही. टपावर कायमचं लोखंड डकवून रस्त्यात पोलिसाशी वाद घालण्याची हौस मला नाही.

परवा शेजारच्या काकू विचारत आल्या, लेकीची डबलबेडची गादी गारगोटीला पोचवता येईल का. मी त्यांना टप दाखवला. गादीखाली वारा शिरला की ती पंखासारखी उचलते, दोरी कितीही आवळा, हे सांगितलं. काकूंनी कॅरियर हाताने हलवून बघितलं. "मजबूत आहे गं," म्हणाल्या, "पण कठडा कुठाय याला?" गादी मग टेम्पोने गेली.