हात रे उंबऱ्या!

परवा दुपारी कुरिअरवाला एक हलकं पाकीट देऊन गेला. मे महिना, दुपारची वेळ. सोलापुरात तेव्हा रस्त्यावर सावलीसुद्धा सापडत नाही. त्याला आधी माठातलं पाणी दिलं, मग सही केली. पाकिटात रबराच्या पारदर्शक टोप्या होत्या. टेबलाच्या कोपऱ्यांना लावायच्या. लेक पुण्याहून येणार, सोबत रांगता नातू, आणि दोघांच्या आधी ह्या टोप्या. पाठोपाठ फोन: "आई, टीपॉय, टीव्हीचं टेबल आणि देवघराचा चौरंग. चौरंग विसरू नकोस."

लावायला बसले आणि टोप्या संपल्या तरी कोपरे संपेनात. मग म्हटलं, लेकराच्या उंचीवरून बघावं. शहाबादी फरशीवर हात-गुडघे टेकून हॉलभर रांगले. शिलाई मशीनचं पायडल, दिवाणाची कड, दाराआडची पाटा-वरवंट्याची जोडी... उभ्यानं कधी दिसलं नव्हतं एवढं सगळं नेमकं कपाळाच्या रेषेत. ह्यांनी पेपर खाली करून विचारलं, "काय हरवलंय की?" काही नाही म्हटलं. गुडघे मात्र दोन दिवस बोलत होते.

तशी मला एक खोडच आहे. ज्या घरात रांगतं लेकरू असेल तिथं गप्पा मारता मारता माझा तळहात टेबलाच्या कोपऱ्यावर जाऊन बसतो. चहा एका हातात, दुसरा हात कोपऱ्यावर. लेकरू पार स्वयंपाकघरात असलं तरी. बहुतेक बायकांचं असंच असतं, मी पाहिलंय. पुरुष मंडळी लेकरू आपटल्यावर "अरे अरे अरे" म्हणतात.

आमचा वाडा उत्तर कसब्यात होता. माजघराचा उंबरा सागवानी, चांगला वीतभर उंच, कडा झिजून गुळगुळीत. घरातल्या प्रत्येक पोराचं पहिलं टेंगूळ त्या उंबऱ्याचं. धाकटा भाऊ तर रोज ठरल्यासारखा तिथं जाऊन अडखळायचा. आजी कुठूनही धावत यायची, त्याला कडेवर घ्यायची आणि मोकळ्या हातानं उंबऱ्याला चापट्या मारायची. "हात रे उंबऱ्या! माझ्या सोन्याला लागलं होय रे?" भाऊ रडणं मध्येच थांबवून उंबरा खरंच मार खातोय का ते बघायचा. खात्री पटली की राहिलेलं रडून घ्यायचा. तेवढ्यात आजीचा दुसरा डाव: "मुंगी मेली बघ, केवढी मुंगी मेली!" मला त्या वयात भावापेक्षा मुंगीची काळजी जास्त. मी फरशीच्या फटीत ती मेलेली मुंगी शोधत बसायची. कधी सापडली नाही.

मग काशाची वाटी. हंड्यातल्या पाण्यात बुडवून गार केलेली, पालथी कपाळावर दाबून धरायची. हे आजीचं बरोबर होतं. पण त्यानंतर ती टेंगूळ जिरवायला तेल लावून खसाखसा चोळायची, त्यानं भाऊ पहिल्यापेक्षा मोठ्यानं ओरडायचा. चोळू नये, नुसतं गार ठेवावं, बर्फ असेल तर फडक्यात गुंडाळून, हे नंतर डॉक्टरांनी सांगितलं. आजी तेव्हा ऐकायला नव्हती. असती तरी ऐकलं नसतं.

शेजारी पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर, कुटुंबाचा हातमाग होता. दिवसभर खटाखट. ती खटाखट मध्येच थांबली की गल्लीला कळायचं, कुणाचं तरी लेकरू पडलं. मागावरच्या काकू "एडवकु, एडवकु" करत यायच्या, मागच्या दारानं कानडी अव्वा "अळबेड" म्हणत यायची, आणि आजीचं "उगी उगी" चालूच; तिघींचं म्हणणं एकच, रडू नको. एवढ्या बायका भोवती जमलेल्या बघून भाऊ घाबरून गप्प बसायचा.

त्या काकूंचं तान्हं मागाशेजारीच झोळीत असायचं. झोळी सोलापुरी चादरीची, आढ्याला टांगलेली, पण इतकी खाली की जमिनीपासून हातभर अंतर, आणि खाली आणखी एका चादरीची जाड घडी. पडलं तरी चादरीवरच. आम्ही सगळे तर जमिनीवरच झोपायचो, तिथून कोण कुठं पडणार? घरात पलंग आला आणि पोरांचं पडणं आलं. चार महिन्यांचं बाळ काल कुशीवर वळत नव्हतं म्हणून आज वळणार नाही, ह्या भरवशावर किती जणींनी दूध बघायला धाव घेतली असेल! ह्या खेपेला मी लेकीसाठी गाद्या खालीच घालणार आहे. तिला मागासलेलं वाटलं तर वाटू दे.

ह्यांचा हट्ट चाकांच्या वॉकरचा. नातू भिंगरीगत फिरेल म्हणतात. फिरेल की! पुढच्या दारातून तीन पायऱ्या थेट अंगणात. ह्यांना सांगितलं, कॅनडात 2004 सालापासून त्याची विक्रीच बंद आहे. "कॅनडात बर्फ असतं, पोरं घसरत असतील," हे उत्तर आलं. लाकडी पांगुळगाडा चालेल, त्याला लेकरू मागून धरून उभं राहतं; पडलं तर ढुंगणावर पडतं आणि तिथं देवानं सोय केलेली आहे.

डोक्याची मात्र केलेली नाही. जन्मलेल्या बाळाचं डोकं त्याच्या लांबीचा चौथा हिस्सा असतं, मोठ्या माणसाचं जेमतेम आठवा. काठीवर नारळ ठेवल्यासारखा कारभार. तोल गेला की आधी डोकंच जाणार. त्यात कपाळाच्या कातडीत रक्तवाहिन्या भरपूर आणि खाली लगेच हाड, म्हणून सूज आत न जाता बाहेर येते, बघता बघता लिंबाएवढी. दिसायला भयंकर, पण कपाळावरचं टेंगूळ बहुधा साधंच.

हे सगळं आमच्या पेठेतल्या लेकरांच्या डॉक्टरांनी शिकवलं. आता ते थकले. लेक लहान असताना तिला घेऊन धापा टाकत गेलं की त्यांचा पहिला प्रश्न, "लगेच रडली का?" रडली म्हटलं की स्वतःच खुर्चीत मागे टेकायचे. रडून, कुशीत शिरून, थोड्या वेळानं खेळायला लागली तर घरी न्या म्हणायचे. झोपेची वेळ असेल तर झोपू द्या, फक्त मध्ये हलवून बघा, नेहमीसारखी कुरकुरते का. झोपू द्यायचंच नाही म्हणून आमच्याकडे लेकराला रात्रभर नाचवायची पद्धत होती, तिच्यावर ते फार चिडायचे. पण पुन्हा पुन्हा उलटी झाली, उठवून उठेना, झटका आला, शुद्ध हरपली, डोळ्याची एक बाहुली मोठी दिसली, नाका-कानातून पाण्यासारखं किंवा रक्त आलं, तर रिक्षा करून थेट मोठ्या दवाखान्यात. मला विचारायलासुद्धा थांबू नका. कानाच्या वर किंवा डोक्याच्या मागे लिबलिबीत सूज आली तरी तसंच. टाळू फुगलेली वाटली तरी. तीन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर टेंगूळ दिसो न दिसो, दाखवायचंच. आणि दोन वर्षांच्या आतलं लेकरू तीन फुटांहून उंचावरून पडलं, तर ते हसत असलं तरी आणायचं.

तीन फूट म्हणजे साधारण आपला स्वयंपाकाचा ओटा.

काल संध्याकाळी गच्चीवर पाणी मारायला गेले. उन्हाळ्यात आम्ही वरच झोपतो, निम्मं सोलापूर झोपतं. लेक आली की तीही वर झोपायचं म्हणणार, लहानपणापासूनची सवय. पाणी मारता मारता कठड्याशी उभी राहिले. सासऱ्यांनी बांधलेला कठडा, बसून गप्पा मारता याव्यात म्हणून मुद्दाम बुटका ठेवलेला. माझ्या गुडघ्याच्या जरा वर येतो. नातू आता धरून उभा राहायला लागलाय म्हणे.

नळी तशीच टाकून खाली आले आणि गवंड्याला फोन लावला. कठडा छातीइतका वाढवायचा, आणि तो होईपर्यंत जिन्याच्या दाराला कुलूप. ह्यांनी पुन्हा पेपर खाली केला, "आता वारं कुठून लागणार?" मी कुलूप शोधत होते. गवंडी सोमवारी येतो म्हणालाय. कुठल्या सोमवारी, ते त्यानं सांगितलेलं नाही.