अ‍ॅक्टिव्हाचा कॅम बसला, आता क्लचशी मांडवली

कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा-मिटणारा दांडा) घासून बसवला, त्याला तीन आठवडे झाले. जास्त आरपीएमला इंजिन मस्त गातंय, पण जागेवरून गाडी काही सुटत नव्हती. सकाळी गल्लीतून निघताना पोदेर (गोव्याचा पाववाला) सायकलवर भोंगा वाजवत माझ्या पुढे जायचा, यावरून काय ते समजा.

गाडी म्हणजे 2012 ची कार्ब्युरेटरवाली अ‍ॅक्टिव्हा, 109 सीसी. कंपनीच्या आकड्यांत ताकद 8 बीएचपी 7,500 आरपीएमला, टॉर्कचा शेंडा 5,500 ला. कॅम कोल्हापूरच्या उद्यमनगरातून घासून आणला. बेस सर्कल (कॅमचा गोल भाग) उतरवलंय, त्यामुळे लिफ्ट (व्हॉल्व्ह किती उघडतो) आणि ड्युरेशन (किती वेळ उघडा राहतो) दोन्ही वाढलं. डायल गेज लावून मोजलं तर 1 मिमी लिफ्टला ड्युरेशन मूळ कॅमपेक्षा 18 अंश जास्त. व्हॉल्व्ह पिस्टनला लागेल की काय ही धास्ती होतीच. पुतणीची क्ले पळवली, पिस्टनवर थापली, हेड कसलं आणि क्रँक हाताने दोन फेरे फिरवला. हेड काढून ठसा ब्लेडने कापला, तर सगळ्यात पातळ जागी 1.9 मिमी. जीव भांड्यात पडला. (क्ले परत केली. तिला काळी क्ले नको होती, हा वेगळा विषय.)

मग अडलं कुठे? ड्युरेशन वाढलं की इनटेक व्हॉल्व्ह उशिरा मिटतो. कमी आरपीएमला आत आलेल्या चार्जपैकी (हवा-पेट्रोलच्या मिश्रणापैकी) थोडा पिस्टन वर येताना परत इनटेकमध्ये ढकलला जातो आणि खालचा टॉर्क पडतो. माझं इंजिन आता साडेचार हजारांनंतर जागं होतं. क्लच मात्र जुन्या इमानाने तीन हजारांच्या आतच पकडायचा. झोपेतल्या माणसाला उठवून डोक्यावर पोतं द्यावं तसं.

त्यात ओव्हरलॅपमुळे (दोन्ही व्हॉल्व्ह एकदम थोडे उघडे राहतात) आयडल, म्हणजे थ्रॉटल सोडल्यावरचा वेग, खडखडायचा, म्हणून तो 1,700 वरून 2,300 ला चढवला. झालं, पर्वरीच्या सिग्नलवर थ्रॉटल न देता गाडी आपोआप पुढे सरकायला लागली. ब्रेक धरून उभा राहिलो की क्लच आत घासतोय, इंजिन मरायला टेकलंय.

मोठ्या ऑटोमॅटिक गाड्यांवर काम करणाऱ्यांना हा आजार चांगला माहीत आहे. तिथे क्लचच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर असतो, तो तेलातून ताकद पुढे देतो. गरम, म्हणजे जास्त ड्युरेशनचा, कॅम घातला आणि कन्व्हर्टर मूळचाच ठेवला तर गिअरमध्ये उभी असताना गाडी अशीच धक्के देत बंद पडते. उपाय म्हणजे जास्त स्टॉल स्पीडचा कन्व्हर्टर (स्टॉल स्पीड म्हणजे गाडी ब्रेकवर धरून फुल थ्रॉटल दिला तर इंजिन जिथवर चढतं तो आरपीएम). पण तिथे एक गंमत आहे. स्टॉल स्पीड हा कन्व्हर्टरवर छापलेला पक्का आकडा नव्हे, तो इंजिनच्या टॉर्कवर हलतो. तोच कन्व्हर्टर दमदार इंजिनमागे जास्त आरपीएमला स्टॉल होतो, नरम इंजिनमागे कमी. म्हणजे कॅमने खालचा टॉर्क खाल्ला तर जिथे स्टॉल जास्त हवा तिथेच तो घसरतो. आपल्या स्कूटरच्या सेंट्रिफ्युगल क्लचला (वेग वाढला की शूज बाहेर फेकले जाऊन ड्रमला पकडतात) ही भानगड नाही. तो फिरण्याचा वेग आणि स्प्रिंग एवढंच ओळखतो. तेवढं आपलं नशीब बरं.

मी मात्र नशिबावर उड्या मारल्या. पुड्यावर 2,000 लिहिलेल्या (म्हणजे पकड मूळपेक्षा साधारण तेवढे आरपीएम उशिरा) सगळ्यात कडक स्प्रिंगा आणून तिन्ही शूजना लावल्या. प्लगच्या वायरला गुंडाळलेल्या टॅकोवर (आरपीएम मीटरवर) पकड 5,000 च्या वर गेली. सपाट रस्त्यावर मजा आली. दुसऱ्या दिवशी चोडणहून रायबंदरला जाणारी फेरी. उताराचा लोखंडी रॅम्प, वर पावसाचं पाणी. रांगेत इंच इंच सरकायचं होतं; थोडा थ्रॉटल दिला, काही नाही, आणखी दिला, काही नाही, आणि मग एकदम झटका. मागचं चाक जागेवर फिरलं, पुढचं चाक समोरच्या काकांच्या भाजीच्या पिशवीत. दोडकी नदीत जाता जाता राहिली. काकांनी जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. घरी येऊन कव्हर उघडलं तर क्लचचा ड्रम तापून निळा पडलेला.

मेकॅनिकला दाखवायला नेलं. त्याने ड्रमवर नख फिरवलं आणि म्हणाला, "इंजिन बरें आसा. धरता खंय, तें पळय." (इंजिन ठीक आहे, पकडतं कुठे ते बघ.) मी टॅको लावून बसलेला, त्याला नखाने कळलं.

आता जे बसवलंय ते असं. क्लचला 1,000 च्या स्प्रिंगा. पकड 3,900 च्या आसपास. कॅमच्या मर्जीपेक्षा थोडी खाली, पण रस्त्यावर माणसात राहता येतं. उरलेली दरी कॅमकडून भरली. स्प्रॉकेटची भोकं लांबट करून कॅम क्रँकच्या हिशेबाने 4 अंश पुढे घेतला, इनटेक थोडा लवकर मिटतो, खालचा दम परत आला. आयडल 1,900 ला आणला, तेवढी थरथर चालते. व्हेरिएटरमधले (बेल्ट वर-खाली सरकवून आपोआप गिअर बदलणारी पुली) सहाही रोलर प्रत्येकी दीड ग्रॅम हलके. यामुळे फुल थ्रॉटलला इंजिन पूर्वी 5,700 ला अडकायचं ते आता 6,800 ला टिकतं, म्हणजे कॅमच्या हक्काच्या जागेत. आधी कोणी रोलर बदलून क्लच तसाच ठेवला असेल तर मला कळवा, कारण माझ्या मते सुरुवात क्लचपासूनच करावी. निघायलाच दम नसेल तर वरचे 6,800 कोणाला दाखवायचे?

टॉप स्पीडचं मात्र अजून जमलेलं नाही. व्हेरिएटरच्या तोंडावर काळ्या मार्करने मधून कडेपर्यंत रेघ मारली होती. चोर्ला घाट चढून-उतरून आल्यावर उघडलं, तर बेल्टने रेघ पुसलीय, पण कडेची चार मिमी शाबूत. म्हणजे बेल्ट पूर्ण वर चढतच नाही. संशय रोलरवर, बहुतेक अर्धा ग्रॅम जास्तच हलके झाले. पुढच्या रविवारी मधल्या वजनाचे घालून बघतो.

काल पुन्हा तीच फेरी, तोच ओला रॅम्प. 3,900 ला गाडीने हळूच पकडलं आणि सरळ वर चढली. समोर एक पिशवी होतीच, कलिंगडाची.