पाठमोरे पत्ते

शनिवारी रात्री आम्ही चौघं पुन्हा ‘हानाबी’ घेऊन बसलो. २०१३ साली ‘श्पील देस यारेस’ हा जर्मन पुरस्कार मिळालेला हा खेळ. यात स्वतःचे पत्ते सोडून सगळ्यांचे दिसतात! पत्ते पाठमोरे धरायचे आणि सगळ्यांनी मिळून पाच रंगांचे १ ते ५ असे ढीग क्रमाने लावायचे. दुसऱ्याला त्याच्या पत्त्यांबद्दल सांगायचा तो फक्त रंग किंवा आकडा. त्यासाठी दर वेळी एक सोंगटी खर्चायची, आणि सोंगट्या आठच. संपल्या की कुणीतरी एक पत्ता खेळाबाहेर टाकून एक सोंगटी परत मिळवायची. प्रत्येक रंगाचा पाच मात्र एकच असतो, तो टाकला की गेलाच.

माझ्या हातातला एक पत्ता बराच वेळ पडून होता. त्याबद्दल कुणी काहीच बोलेना, म्हणून पुढच्या पाळीला तो टाकायचं मी मनाशी पक्कं केलं. तेवढ्यात मैत्रिणीने शेवटची सोंगटी खर्चून त्याच पत्त्याकडे बोट दाखवलं, “हा पाच.”

आमचं आधी काही ठरलेलं नव्हतं. मी नेहमी सगळ्यात जुना पत्ता टाकते, एवढं तिने इतक्या डावांत हेरून ठेवलं होतं.

२५पैकी २१ गुण झाले. ‘कॅटान’ या एकमेकांविरुद्ध खेळायच्या खेळात जिंकल्यावरही मला इतका आनंद झाला नव्हता.