पणजोबा सातबाऱ्यावर का सापडत नाहीत

"सातबारा काढला, पण पणजोबांचं नावच नाही. आता कुठे शोधायचं?" मला वंशावळीचा नाद लागल्याचं कळल्यापासून लग्नकार्यात हा प्रश्न हटकून येतो. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

सातबाऱ्यावर आजचा मालक असतो; कालचा असलाच तर कंसात. तुम्ही नावं सोडा, त्यांच्या शेजारचे वर्तुळातले आकडे उतरवून घ्या. ते फेरफार क्रमांक. ते नाव तिथे का लागलं, त्याची हकीकत फेरफारात असते: खरेदी, वाटप, वारस. त्यावरून जुना सातबारा, त्यावरून आणखी जुना फेरफार, असं मागे जायचं. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा 1903 सालचा, तेव्हा ही वाट साधारण तिथवरच. नोंद मोडी लिपीत असली तर जाणकार गाठा. मी अंदाजाने वाचलं आणि सहा महिने भलत्याच घराण्यामागे हिंडलो.

वाट तुटते ती बहुधा एकत्रीकरणात. 1947 च्या कायद्याने तुकडे जोडले गेले, सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, आणि जुना नंबर घेऊन गेलेल्या माणसाला 'अशी जमीनच नाही' असं ऐकावं लागतं. कुठला सर्व्हे नंबर कुठल्या गटात गेला, तो उतारा भूमी अभिलेख कार्यालयात मागा. 1957 च्या आसपास नाव एकाएकी बदललं असेल तर कूळकायदा आठवा. त्या वर्षीच्या 1 एप्रिलला दुसऱ्याची जमीन कसणारी कुळं मालक मानली गेली.

आणि वारसांत मुली दिसत नाहीत म्हणून मुली नव्हत्याच, असं धरू नका. जुन्या वारसनोंदींत त्यांना क्वचितच जागा मिळे.

आमच्या एका फेरफारात जेमतेम तीन ओळी आहेत. खातेदार मयत. वारस मुलगा अज्ञान, म्हणजे वयाने लहान. खाली 'अ.पा.क. आई', म्हणजे अज्ञान पालन कर्ता, आणि पुढे माझ्या पणजीचं नाव. घरात तिला सगळे 'मोठी आई' म्हणत. खरं नाव एकालाही ठाऊक नव्हतं. ते मला तलाठ्याच्या तिरक्या अक्षरात भेटलं. पुढच्या फेरफारात मुलगा सज्ञान झाला आणि तिचं नाव कमी झालं. दोन्हींच्या तारखांत अकरा वर्षांचं अंतर आहे. तेवढी वर्षं त्या जमिनीचा शेतसारा भरायची जबाबदारी तिच्यावर होती.